उष्ट्या हवेचं मोजमाप

मी आयुष्यात एकदाच विज्ञानाला फसवायला गेले, आणि तेही तीनशे मेंढरं घेऊन. आता वस्तीत ही गोष्ट जो तो आपापल्या परीनं सांगतो आणि प्रत्येकाच्या सांगण्यात मेंढरं वाढत जातात. परवा एकानं सातशे केली. म्हणून म्हटलं, आपणच लिहून ठेवावं.

बहात्तरच्या दुष्काळात माढ्याकडची आमची साठ घरं सोलापुरात आली आणि एका गिरणीमागच्या खोलगट जागेत झोपड्या घालून बसली. त्या जागेला आम्ही खड्डाच म्हणायचो. एका अंगाला गिरणीची चिमणी, दुसऱ्या अंगाला वीटभट्ट्या आणि मध्ये आमच्या साठ चुली. हिवाळ्यात पहाटे वारा पडला की सगळा धूर खड्ड्यात उतरायचा आणि उन्हं वर येईपर्यंत तिथंच मुक्काम करायचा. माझे मालक धोंडीराम गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. त्यांचा खोकला पहाटे चारला सुरू व्हायचा. आमचा कोंबडा त्याला इतका कंटाळला होता की त्यानं आरवणंच सोडलं होतं.

पंच्याहत्तर सालच्या हिवाळ्यात कचेरीतून निरोप आला, की तुम्हाला हक्काची जागा देतो. एक तर हा खड्डाच सपाट करून घ्या, नाही तर शेजारच्या टेकडीवर जा. टेकडी म्हणजे काही डोंगर नव्हे, मुरमाचं उघडंबोडकं टेकाड, पण चढ असा की अर्ध्यात गेल्यावर माणूस देवाचं नाव घेतो. पुरुष म्हणाले, टेकडी. वर मोकळी हवा आहे. बायका म्हणाल्या, खड्डा. कारण नळ खड्ड्याच्या तोंडाशी होता आणि टेकडीवर पाण्याचा थेंब नव्हता.

माझं तर ठरलंच होतं. दुष्काळात गावी असताना मी वर्षभर दोन कोसांवरून पाणी आणलं होतं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी. टाळूवर चुंबळीच्या आकाराचा केसांचा गोल गेला तो आजतागायत आलेला नाही. गाव सोडताना मी म्हटलं होतं, यापुढं जिथं नळ तिथं मी. मालक म्हणायचे, "तुला माझ्या खोकल्याचं काय न्हाय." मी म्हणायचे, "तुमचा खोकला तुमी वर न्या. पानी कोन नेनार?" त्यावर त्यांना नेमका खोकला यायचा.

कचेरीतले हिंदुराव साहेब तसे भले माणूस. त्यांच्यापुढं बायकांचे एकोणसाठ अंगठे आणि माझी सही एका कागदावर आणि पुरुषांच्या सह्या दुसऱ्या कागदावर. ते वैतागले आणि म्हणाले, ज्या जागेची हवा चांगली तिथं वस्ती, आणि हवा कॉलेजचे सर मोजतील. म्हणजे भांडण आमच्या घरातलं आणि निवाडा हवेकडं.

ते सर म्हणजे चन्नप्पा सर. अक्कलकोटकडचे, रसायनशास्त्राचे. उंच, सडपातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बोलताना आम्हा सगळ्यांना अक्का म्हणायचे, सत्तरीच्या दगडाबाईंनासुद्धा. नऊ वर्षं हा माणूस सायकलवर बाटल्या बांधून सोलापूरची हवा मोजत हिंडत होता. तळ्याकाठी, गिरणीच्या दाराशी, स्टेशनामागं, जिथं म्हणून चढउतार असेल तिथं. त्यांचं म्हणणं एवढंच, की शहराचा कर्बवायू पहाटे खोलगटात साठतो आणि उंचावर कमी होतो, तेव्हा माणसं कुठं वसवायची हे आधी उंची बघून ठरवावं. नऊ वर्षांत हे ऐकून घेणारं त्यांना कोणी भेटलं नव्हतं. आता साठ घरं मिळाली होती.

पहिल्या दिवशी ते दुपारी नुसती जागा बघायला टेकडीवर आले. बाटल्या विसळायला पाणी लागलं, तर साहजिकच ते मला आणायला सांगितलं. मी कळशी घेऊन चढले आणि वर पोचून धापा टाकत उभी राहिले. सरांनी पिशवीतून एक बाटली काढली. आत धुण्याच्या सोड्याचं पाणी, त्यात औषधाचे दोन थेंब टाकले तसं ते गुलाबी झालं. बाटलीला रबरी नळी आणि नळीला टांग्याच्या भोंग्याला असतो तसला फुगा.

"हा फुगा दाबला की हवा पाण्यात जाते, अक्का," सर म्हणाले. "हवेत कर्बवायू असला की गुलाबी रंग जातो. वायू फार असेल तर थोड्याच फुग्यांत जातो. स्वच्छ हवेला खूप फुगे लागतात. आपण फक्त फुगे मोजायचे."

"ह्यो वायू येतो कुटनं?" दगडाबाईंनी विचारलं. माझ्या शेजारच्या झोपडीतल्या त्या, वस्तीतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खोडकर माणूस.

"चुलीतून, भट्टीतून. आणि आपण श्वास सोडतो त्यातून."

"म्हंजी आपल्या तोंडातनं भाईर पडल्याली," दगडाबाई म्हणाल्या. "उष्टी हवा."

सरांनी जरा विचार केला आणि तो शब्द वहीत लिहून घेतला. मग फुगा काढून नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, फुंका. मी अजून धापाच टाकत होते. एक फुंक मारली आणि गुलाबी रंग गेला की हो, पाणी नितळ झालं. बायका हसल्या. मी मात्र मनात म्हटलं, बघा, एक कळशी चढवली तर माझ्या आत एवढी उष्टी हवा साठली.

सरांनी वार सांगितले. मंगळवारी पहाटे खड्ड्यात मोजणार, गुरुवारी पहाटे टेकडीवर, आणि सोमवारी साहेबांपुढं आकडे ठेवणार. मंगळवारी खड्ड्यात एकोणतीस फुगे लागले. सर मान हलवत म्हणाले, "बरं नाही. टेकडीवर चाळिसाच्या वर जाईल बघा."

झालं. म्हणजे गुरुवारी टेकडीवरची हवा एकोणतिसाच्या आत आणायची होती आणि आमच्या हातात दोन दिवस होते.

युक्ती दगडाबाईंची, तडीस नेली मी. मायाप्पा नावाचा एक मेंढपाळ दर हिवाळ्यात सांगोल्याकडून कळप घेऊन यायचा. शेतकरी त्याला धान्य देऊन आपल्या रानात मेंढरं बसवून घेत, कारण एक रात्र मेंढरं बसली की लेंड्यांचं फुकट खत पडतं. त्या आठवड्यात तो अक्कलकोट रोडच्या कडेला एका रानात होता. आम्ही घरटी मापटंभर जोंधळे गोळा केले आणि त्याच्याकडं गेलो.

"कुनाच्या रानात बसवायची?" मायाप्पानं विचारलं.

"टेकडीवर."

त्यानं मान वर करून टेकडीकडं बघितलं. "वैनी, तितं नुस्ता मुरूम हाय. खत घालून पिकणार काय, धोंडं?"

"तू बसव," दगडाबाई म्हणाल्या. "पिकवायचं आमी बगतो."

मायाप्पानं जोंधळ्यांत हात घालून बघितला, दाणा चांगला होता. शहरातल्या बायकांच्या डोक्याचं त्याला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

गुरुवारी पहाटे सर कंदील आणि पिशवी घेऊन टेकडी चढून आले, तर माथ्यावर वाघर लावलेली. वाघर म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी. आत तीनशे मेंढरं आणि काही शेळ्या अंगाला अंग लावून बसलेल्या, सगळ्यांच्या तोंडातून वाफा. सरांना जिथं बाटली ठेवायची होती तो सपाट दगड बरोबर मध्ये. सर वाघर ओलांडून आत गेले. त्यांची एक पद्धत होती, मोजताना तोंडाला उपरणं बांधायचे, आपला श्वास बाटलीला लागू नये म्हणून. त्यांनी उपरणं काढलं आणि एका शेळीनं ते दुसऱ्या टोकाकडून खायला घेतलं. उपरणं सोडवण्यात पाच मिनिटं गेली. वारा तर असा पडलेला, की वाफ जागची हलेना.

आम्ही चौदाजणी जाळीला टेकून उभ्या. मी स्टोव्ह आणला होता. सर एवढ्या थंडीत आलेले, चहा नको का द्यायला? तो मी नेमका त्यांच्या दगडापाशी पेटवला. सर फुगे मोजत होते आणि दगडाबाई मध्येच म्हणत होत्या, "सर, साखर किती घालू?" आणि आम्ही तोंडात पदर कोंबत होतो. पण पदर पुरत नव्हता.

सतरा फुग्यांत रंग गेला.

सरांनी बाटली कंदिलासमोर धरली. मग मेंढरांकडं बघितलं, स्टोव्हकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. वहीत बराच वेळ लिहीत बसले. मी कप पुढं केला. दोन घोट घेतल्यावर ते हळूच म्हणाले, "नऊ वर्षं मी सांगतोय की उंचावर हवा चांगली. पुढच्या महिन्यात पुण्याला मोठ्या लोकांपुढं हेच वाचायचं आहे. आजचा आकडा खरा धरला, तर माझी नऊ वर्षं चुकली, अक्का."

"मग खोडून टाका की," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

"मोजलेला आकडा खोडता येत नाही," सर म्हणाले. त्यांनी कप विसळून माझ्या हातात दिला आणि सायकलकडं उतरून गेले.

खड्ड्यात त्या दिवशी सण होता. दगडाबाईंनी सरांची नक्कल केली, शेळीची केली, माझीही केली. मी हसले, पण घास काही गोड लागेना. मालकांची चोरी केली असती तर मला काही वाटलं नसतं, ती मी रोजच करत होते. पण हा माणूस कप विसळून देणारा. आमच्या घरात कधी कुठल्या पुरुषानं कप विसळला नव्हता. मला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली, आणि वर रागही आला की लाज मलाच का वाटावी. पाणी काय मी एकटी पिणार होते?

रविवारी सकाळी मी सरांच्या घरी गेले. ते अंगणात बाटल्या उन्हात वाळत घालत होते.

"सर, ती मेंढरं आमी बसवली," मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. "श्टोव्ह बी मुद्दाम. तुमची नऊ वर्सं बरूबर हायती."

सर हात पुसून आत गेले आणि वही घेऊन आले. गुरुवारचं पान काढून माझ्यापुढं धरलं. मी सातवीपर्यंत शिकलेली, मला वाचता येत होतं. लिहिलं होतं: टेकडी. पहाट. वारा नाही. फुगे सतरा. मेंढरं अंदाजे तीनशे. शेळ्या अकरा. पेटता स्टोव्ह एक. बायका चौदा, हसताना. हे मोजमाप धरू नये.

खाली शुक्रवारची तारीख. टेकडी. पहाट. मेंढरं नाहीत. फुगे त्रेचाळीस.

"म्हंजी तुमाला ठावं हुतं?"

"तीनशे मेंढरं मला दिसणार नाहीत, एवढा काही चष्मा वाईट नाही," सर म्हणाले. "मला फक्त कळलं नाही, कशासाठी. सगळ्या सोलापुरात चांगली हवा नको म्हणणारी तुम्हीच पहिली माणसं."

मग मात्र मी बोलले. दोन कोस सांगितले, हंडा सांगितला, कळशी सांगितली. पदर मागं सारून टाळू दाखवली. साठ घरांचं पाणी त्या चढावरून रोज कोण नेणार, धोंडीराम नेणार का कचेरी नेणार, ते विचारलं. माझा आवाज चढला आणि डोळ्यांत पाणी आलं, दोन्हींचं मला वाईट वाटलं नाही.

सर ओट्यावर बसले. "नऊ वर्षं मी टेकड्यांची उंची मोजली," ते म्हणाले, "पण ती उंची पाणी कसं चढतं हे कधी मनातच आलं नाही. आणि आता कागदावर फक्त हवेचा रकाना आहे, अक्का. माझ्या फुग्याला कळशी कळत नाही."

"कळती की," मी म्हटलं. "त्या दिशी कळशी घिऊन चढले आन् एका फुंकंत तुमचा रंग घालवला. त्यो बी आकडाच हाय न्हवं? सायबाला चढवा कळशी घिऊन, आन् मोजा त्येचीबी उष्टी हवा."

सरांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मग मिटलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एवढा वेळ चष्मा पुसणारा माणूस मी बघितला नव्हता.

"सोमवारी साहेबांना टेकडीवरच बोलवू," ते म्हणाले.

सोमवारी साहेबांची जीप टेकडीच्या पायथ्याशी थांबली, वर रस्ताच नव्हता. सगळी वस्ती नळापाशी जमली होती. सरांनी आकडे वाचले, खड्डा एकोणतीस, टेकडी त्रेचाळीस. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. दगडाबाई माझ्याकडं अशा बघत होत्या, जणू मीच घर फोडलं.

"मग झालं तर," साहेब म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. "टेकडी."

"सायेब, येक मोजमाप ऱ्हायलंय," मी म्हटलं. "पानी न्हेनाऱ्याचं. वर नळ न्हाय."

"नळ येईल नंतर. आणि तोपर्यंत एवढ्याशा चढाला काय होतंय, बाई? मी खेड्यातलाच आहे. लहानपणी विहिरीचं पाणी शेंदलंय मी."

"मंग दावा की," दगडाबाई म्हणाल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण अशी संधी त्या सोडत नसत. त्यांनी नळाखाली कळशी भरली आणि साहेबांपुढं धरली.

साठ घरं बघत होती. साहेब नाही म्हणू शकले नाहीत. त्यांनी कळशी खांद्यावर घेतली आणि निघाले. पहिल्या वळणापर्यंत ते आमच्याशी गप्पा मारत होते. पुढच्या वळणापासून गप्पा थांबल्या. अर्ध्यात खांदा बदलला तेव्हा थोडं पाणी बुटात गेलं आणि पुढं पावलागणिक आवाज येऊ लागला. शिपाई कळशी घ्यायला धावला, तर दगडाबाईंनी त्याला पदरानं अडवून तंबाखू मागितली. माथ्यावर पोचले तेव्हा साहेब लालबुंद झाले होते आणि कळशी पाऊण झाली होती.

सर आधीच पुढं चढून सपाट दगडाशी बाटली घेऊन उभे होते. पाणी गुलाबी. त्यांनी नळी साहेबांच्या तोंडाशी धरली. साहेबांनी एक फुंक मारली आणि रंग गेला.

"हे काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"समदी उष्टी हवा आत साठली, सायेब," दगडाबाई म्हणाल्या. "खड्ड्यात येकोनतीस फुगं लागत्यात, तुमाला अर्धा बी पुरला न्हाय. आन् ही तर येकच कळशी. आमाला दिसाला धा लागत्यात."

साहेबांनी छातीवर हात ठेवला आणि सरांकडं बघितलं. "खरं का हो, प्रोफेसर?"

सर कधी खोटं बोलत नाहीत हे मला एव्हाना कळलं होतं.

"रंग गेला, एवढं खरं आहे," सर म्हणाले.

साहेब दगडावर बसले. कळशीतलंच थोडं पाणी प्याले. मग कागद मांडीवर घेऊन त्यांनी टेकडीपुढं खूण केली आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, आधी नळ, मग घरं. नळाशिवाय एकही झोपडी हलवू नये. सही जरा वाकडी झाली, पण वाचता येत होती.

नळाला आठ महिने लागले. तेवढे दिवस आम्ही खड्ड्यातच खोकत काढले. नळ आला आणि मग आम्ही वर गेलो. मालकांचा खोकला गेला असं मी म्हणणार नाही, पण कोंबड्याला आता आरवायला मिळतं. मेंढरं बसली होती तिथं मी वांगी लावली. मायाप्पा पुढच्या हिवाळ्यात येऊन ती बघून गेला आणि मुरमाबद्दलचं आपलं मत त्यानं मागं घेतलं.

एकदा सकाळी चन्नप्पा सर आले, नव्या वस्तीची हवा मोजायला. काम झाल्यावर माझ्या ओट्यावर पाणी पीत बसले. मी सकाळपासून बसून शेंगा फोडत होते. मला लहर आली. म्हटलं, "सर, द्या ती नळी. आता वर नळ हाय, बगू किती फुंका लागत्यात." सरांनी एकदम बाटली मागं घेतली. मी ती ओढूनच घेतली आणि अगदी सावकाश, देवापुढचा दिवा विझेल न विझेल एवढीशी फुंक मारली.

रंग गेला.

मी सरांकडं बघितलं. सर वांग्यांकडं बघत होते.

"म्हंजी सायबानं न चढता फुंकलं असतं तर?"

"तरी गेलाच असता," सर म्हणाले. "निजलेल्या बाळाच्या श्वासानंही जातो, अक्का."

"आन् हे तुमी तवा बोलला न्हाय."

सरांनी पिशवीतून वही काढली, जुनं पान उलटलं आणि माझ्या मांडीवर ठेवली. सोमवारची तारीख होती. टेकडी. सकाळ. कळशी एक. साहेब एक. फुंक एक. हे मोजमाप धरू नये.

आणि त्याच्याखाली, त्याच सुवाच्य अक्षरात: प्राध्यापक एक, गप्प.